सेवा करणारी एक, सही करणारा दुसरा : शेवटच्या आजारपणातले निर्णय घरच्यांनी कसे घ्यावेत

आयसीयूबाहेर नर्स फॉर्म घेऊन येते आणि विचारते, ‘नातेवाईक कोण?’ पेन बहुतेक वेळा थोरल्या मुलाच्या, जावयाच्या नाहीतर काकांच्या हातात जातं. कित्येक महिने जिने सासऱ्यांना भरवलं, त्यांची कूस बदलली, रात्रीचं कण्हणं ऐकलं, ती सून पिशव्या सांभाळत बाकावर बसलेली असते. त्यांना काय सोसवत नाही आणि कशाने बरं वाटतं, हे तिला ठाऊक असतं. सही मात्र ज्याला ते ठाऊक नाही त्याची होते.

पसरलेला कॅन्सर, पुढच्या टप्प्यातला पार्किन्सन्स, स्मृतिभ्रंश, निकामी झालेली मूत्रपिंडं, पुन्हा पुन्हा येणारा अर्धांगवायू अशा दुखण्यांत मी अनेक घरांसोबत बसले आहे. माझं मत ठाम आहे. शेवटच्या काळातले निर्णय वैद्यकीय माहिती नसल्यामुळे बिघडतात त्याहून जास्त या ताटातुटीमुळे बिघडतात. पुढे जे काही सांगते आहे ते सेवा करणारं माणूस निर्णयाच्या बैठकीत कसं आणायचं, या एका हेतूने. कायद्याच्या बाबी भारतातल्या आहेत.

सगळ्यात आधी आजाऱ्यालाच विचारा

‘बाबांना सांगू नका, खचतील ते.’ हे वाक्य न उच्चारलेलं घर विरळा. त्यामागे माया असते, पण त्याचा परिणाम असा की ज्याचं शरीर, त्यालाच सोडून सगळे बोलतात. बाबांना बहुतेक वेळा कळलेलं असतंच. आपण रडू नये म्हणून ते गप्प असतात आणि ते खचू नयेत म्हणून आपण.

कायदाही इथे स्पष्ट आहे. शुद्धीवर असलेल्या, समज शाबूत असलेल्या प्रौढ रुग्णाची संमती त्याचीच. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेच सांगितलं. रुग्ण थोड्या वेळापुरती भुलीखाली होती आणि घाईची परिस्थिती नव्हती, म्हणून आईने दिलेली संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. मुलगा किंवा नवरा हा सज्ञान माणसाच्या संमतीला पर्याय नाही.

मग बोलायचं कसं? बातमी सांगायला जाऊ नका, विचारायला जा. खोलीत गर्दी नको, टीव्ही बंद, आणि शक्यतो रोज सेवा करणारंच माणूस हवं. ‘या दुखण्याचं पुढे काय होईल असं वाटतं तुम्हाला?’ एवढं विचारून थांबा. शांतता लांबली तरी भरून काढू नका. नंतर विचारा, ‘रिपोर्टमध्ये काय आहे ते सगळं ऐकायचंय, की आम्ही ऐकून घेऊ?’ काही जण खरंच म्हणतात, ‘तुम्ही बघा.’ तोही त्यांचा निर्णय आहे, तो माना. पुढचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: ‘दुखणं वाढलं तर दवाखान्यात राहायला आवडेल की घरी? कशाची जास्त भीती वाटते?’ इथे उत्तरं अनपेक्षित येतात. मरणाची भीती सांगणारे कमी भेटतात. श्वास कोंडण्याची, नागडं पडून राहण्याची, मुलांवर कर्ज होण्याची भीती सांगणारे जास्त.

पार्किन्सन्स किंवा स्मृतिभ्रंशात हे बोलणं पुढे ढकलू नका. निदान झाल्यावरचं पहिलं वर्षच त्यासाठी बरं, कारण पुढे समज राहील याची खात्री नसते.

एक वही ठेवा

साधी दोनशे पानी वही. रोज चार ओळी पुरतात: दुखणं शून्य ते दहामध्ये किती, खाल्लं किती, झोप, शौच, कुठलं औषध दिल्यावर काय झालं. आणि एक रकाना त्यांच्या बोलण्याचा. ‘परत ती नळी नको’, ‘गावच्या घरी एकदा न्या’, ‘पुरे आता’ असं ज्या दिवशी जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून लिहा.

ही वही दोन ठिकाणी उपयोगी पडते. राऊंडला आलेल्या डॉक्टरांकडे पाचच मिनिटं असतात. ‘बरं नाही’ यापेक्षा ‘तीन आठवड्यांत दुखणं चारवरून आठवर गेलं, रात्री दोनदा उठतात’ हे त्यांना फार कामाचं असतं. आणि जेव्हा नात्यातलं कोणी म्हणतं, ‘दादा असं कधी म्हणणारच नाहीत,’ तेव्हा सुनेचा शब्द एकटा पडत नाही.

डॉक्टरांना काय विचारायचं

‘काही होप आहे का?’ या प्रश्नाला कुठलाही डॉक्टर ‘प्रयत्न करू’ असंच म्हणणार. प्रश्न बदलला की उत्तर बदलतं. राऊंडच्या गडबडीत नव्हे, वेगळी वेळ मागून बसा. सेवा करणारी व्यक्ती आत असलीच पाहिजे. नातेवाइकांपैकी एकालाच सोडणार असतील तर तिलाच पाठवा. मग विचारा:

- हा आजार आता बरा करण्याच्या टप्प्यावर आहे, आटोक्यात ठेवण्याच्या, की फक्त आराम देण्याच्या?
- हा उपचार यशस्वी झाला तर ते कुठल्या स्थितीत घरी येतील? बसतील का, ओळखतील का, तोंडाने खातील का?
- उपयोग होतोय की नाही हे किती दिवसांत कळेल?
- नाही केलं तर काय होईल, आणि त्या वेळी त्रास होऊ नये म्हणून तुम्ही काय कराल?
- पुढच्या वर्षभरात ते गेले तर तुम्हाला आश्चर्य वाटेल का?

शेवटचा प्रश्न विचारायला जड जातो. पण उपशामक उपचार, म्हणजे आजार बरा करण्याऐवजी त्याचा त्रास कमी करणारे उपचार, देणारे डॉक्टर स्वतःला हाच प्रश्न विचारतात. किती महिने उरले हे कोणी सांगू शकत नाही, मात्र ‘नाही, आश्चर्य वाटणार नाही’ एवढं प्रामाणिक उत्तर मिळालं तरी घराची तयारी बदलते. रोजचा अंदाजे खर्चही तिथेच विचारून घ्या. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. शेत विकून आलेल्या पैशावर वाढवलेल्या आठ दिवसांत रुग्णाच्या वाट्याला काय आलं, हा प्रश्न आधी विचारलेला बरा.

उपचारांची नावं आणि त्यांचा खरा अर्थ

सीपीआर म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबून ते सुरू करण्याचा प्रयत्न. अचानक झटका आलेल्या धडधाकट माणसाला तो वाचवू शकतो. अवयव एकेक करून थकलेल्या, पसरलेल्या कॅन्सरच्या रुग्णाला तो क्वचितच घरी परत आणतो, आणि फासळ्या मोडणं नित्याचं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०२० मध्ये सीपीआर न करण्याच्या निर्णयाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत. तो निर्णय फक्त सीपीआरपुरता असतो. सलाईन, अँटिबायोटिक, वेदनाशामक, सगळं चालू राहू शकतं. ‘सीपीआर नको’ म्हटलं म्हणजे ‘लक्ष देऊ नका’ म्हटलं असं होत नाही.

व्हेंटिलेटरबाबत ‘लावू की नको’ एवढेच दोन पर्याय समोर ठेवले जातात. तिसरा मागा. तीन किंवा पाच दिवस लावू, अमुक सुधारणा दिसली तर पुढे, नाहीतर पुन्हा बसून बोलू, असं आधीच ठरवा आणि केसपेपरवर लिहून घ्या. ‘एकदा लावला की काढता येत नाही’ हे जे सर्रास सांगितलं जातं, ते खरं नाही. त्याची कायदेशीर रीत पुढे दिली आहे.

नाकातल्या नळीचा प्रश्न सगळ्यात हळवा, कारण आपल्याकडे जेवू घालणं हीच माया. ‘उपाशी कसं मरू द्यायचं?’ इथे नीट समजून घेण्यासारखी गोष्ट अशी की शेवटच्या आठवड्यांत शरीरच अन्न मागायचं थांबतं. भूक गेली म्हणून माणूस मरणाकडे जात नाही. तो तिकडे निघाला आहे म्हणून भूक जाते. पुढच्या टप्प्यातल्या स्मृतिभ्रंशात नळीने आयुष्य वाढतं किंवा अन्न श्वासनलिकेत जायचं थांबतं असं दिसलेलं नाही. उलट रुग्ण नळी ओढतो म्हणून हात बांधले जातात. चमच्याने, बसवून, जेवढं हवं तेवढंच भरवणं जास्त बरं. घशाचा कॅन्सर किंवा नुकताच झालेला पक्षाघात ही वेगळी बाब, तिथे नळी खरंच मदत करते. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न, पाणी आणि औषध नाकारलं आणि १५ तारखेला देह ठेवला. तो निश्चय त्यांचा होता, त्याची बरोबरी इथे करायची नाही. पण शेवटी घास नाकारणं हे आपल्या मातीला अनोळखी नाही, एवढं ‘उपाशी’ या शब्दाने हादरलेल्या नातलगांना सांगता येतं.

घरची बैठक

एकाच दिवशी, एकाच वेळी, सगळ्यांसमोर बोला. प्रत्येकाने डॉक्टरांना वेगवेगळं भेटून वेगवेगळं ऐकून यायचं, यातूनच भांडणं होतात. अमेरिकेतल्या किंवा दुबईतल्या भावंडाला व्हिडिओ कॉलवर घ्या, त्यांच्याकडची वेळ बघून. आधी वही वाचून दाखवा. म्हणजे सुरुवात सेवा करणाऱ्या माणसापासून होते. मग डॉक्टरांनी काय सांगितलं ते. मतं त्यानंतर.

बैठकीत ‘आपल्याला काय वाटतं’ हा प्रश्न ठेवूच नका. ‘आईला आत्ता पाच मिनिटं पूर्ण शुद्ध आली, सगळं समजलं, तर ती काय सांगेल?’ हा ठेवा. मुलांच्या खांद्यावरचं ओझं याने खरोखर हलकं होतं. ‘मी आईला मरू दिलं’ आणि ‘आईचं म्हणणं मी पोचवलं’ यांतलं अंतर पुढे अनेक वर्षं जाणवतं.

दूर राहणारा मुलगा शेवटी येतो आणि ‘जे करता येईल ते सगळं करा’ म्हणतो, हे वारंवार घडतं. त्याच्यावर चिडू नका. त्याने घसरण पाहिलेली नसते. त्याच्या मनात मागच्या दिवाळीतली आई असते, आणि आपण जवळ नव्हतो याची बोचणी. मी घरच्यांना सांगते, डॉक्टरांना भेटायच्या आधी एक रात्र त्याला आईजवळ एकटं राहू द्या. डायपर बदलू दे, कण्हणं ऐकू दे. सकाळी त्याचे प्रश्न वेगळे असतात.

ठरलेलं दोन ओळींत लिहा, सगळ्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवा, आणि रुग्णालयाशी बोलणारी एकच व्यक्ती नेमा. ती शक्यतो सेवा करणारीच असावी. तिला बोलायचा धीर होत नसेल तर कोणी सोबत बसा, पण तिच्याऐवजी नको.

लिहून ठेवलेली इच्छा, आणि ती नसेल तर

केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर जवळजवळ बेचाळीस वर्षं तिथेच अंथरुणावर होत्या. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांनी उपचार थांबवायला विरोध केला, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळताना रोजची सेवा करणाऱ्या त्या कर्मचाऱ्यांचं म्हणणं याचिकादाराच्या म्हणण्यापेक्षा महत्त्वाचं मानलं. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. निकालाबद्दल मतं काहीही असोत, सेवा करणाऱ्याचा शब्द देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही मोलाचा धरला, हे प्रत्येक घराने लक्षात ठेवावं.

९ मार्च २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये येतो असं सांगून वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे लिव्हिंग विलला, मान्यता दिली. त्यातली अवघड प्रक्रिया २४ जानेवारी २०२३ ला सोपी झाली. आता असं करायचं:

सज्ञान, समज शाबूत असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या इच्छेने लिहावं. दोन साक्षीदारांसमोर सही करावी. नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावं. आपल्या वतीने कोण बोलेल त्या व्यक्तींची नावं घालावीत, एकाहून अधिक चालतात. प्रती त्या व्यक्तींना, फॅमिली डॉक्टरांना आणि महापालिका, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीने नेमलेल्या अभिरक्षकाला, म्हणजे इच्छापत्र जपून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला, द्याव्यात. महाराष्ट्रात डॉ. निखिल दातार यांच्या जनहित याचिकेनंतर असे अभिरक्षक नेमले गेले. गोव्यात न्यायमूर्ती महेश सोनक यांनी २०२४ मध्ये स्वतःचं इच्छापत्र करून दाखवलं. मन बदललं तर लेखी रद्द करता येतं. मजकूर असा ठेवता येईल:

‘माझा आजार बरा होण्यापलीकडे गेला आहे आणि मला माझा निर्णय सांगता येत नाही, असं वैद्यकीय मंडळाचं मत झाल्यास केवळ मरण लांबवणारे उपचार, म्हणजे सीपीआर, व्हेंटिलेटर, डायलिसिस आणि नळीने अन्न, मला देऊ नयेत. सुरू असल्यास थांबवावेत. वेदना, धाप आणि अस्वस्थता कमी करणारं प्रत्येक औषध मला मिळावं. माझ्या वतीने बोलण्याचा अधिकार मी अमुक व अमुक यांना देत आहे.’

‘अमुक’च्या जागी घरातल्या थोरल्याचं नाव सवयीने घालू नका. तुमचं कण्हणं कोण ओळखतं, त्याचं घाला. हा मजकूर मालमत्तेच्या मृत्युपत्रात मिसळू नका, ते माणूस गेल्यावर उघडलं जातं. आणि मानसिक आरोग्य कायदा, २०१७ मधला आगाऊ निर्देश ही निराळी गोष्ट आहे, तो मानसिक आजाराच्या उपचारांसाठी असतो.

लिहिलेलं काहीच नसेल तरीही रस्ता आहे. रुग्णालयाचं प्राथमिक मंडळ, म्हणजे उपचार करणारे डॉक्टर आणि निदान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ, आपलं मत देतं. घरच्यांची लेखी संमती घेतली जाते. मग दुय्यम मंडळ तपासतं, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर असतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावं असं न्यायालय म्हणतं. नंतर रुग्णालय प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतं. मंडळांत मतभेद झाला तर उच्च न्यायालय. इंजेक्शन देऊन आयुष्य संपवणं मात्र भारतात गुन्हाच आहे, आणि ते इथे कोणी सुचवत नाही. ‘आमच्याकडे असं मंडळ नाही’ असं उत्तर मिळालं तर वैद्यकीय अधीक्षकांना २०२३ च्या आदेशाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

घरी न्यायचं ठरलं तर

बऱ्याच ठिकाणी ‘आमच्या जबाबदारीवर नेत आहोत’ अशी सही घेऊन माणूस पाठवला जातो, हातात वेदनेचं औषध नाही, समोर कोणी डॉक्टर नाही. हे होऊ देऊ नका. रीतसर डिस्चार्ज मागा, आणि समरीमध्ये लिहून घ्या की आजार शेवटच्या टप्प्यात आहे आणि यापुढचे उपचार आरामासाठी आहेत. १०८ ला फोन केला की ती मंडळी जीव वाचवायलाच येतात, ते त्यांचं कर्तव्यच आहे. म्हणून रात्री दोनला धाप लागली तर कोणाला फोन करायचा, हे दिवसा ठरलेलं हवं.

उपशामक उपचाराचं पथक शक्य तितकं लवकर गाठा, शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका. मुंबईत टाटा मेमोरियलचा उपशामक विभाग आहे. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून कॅन्सरच्या रुग्णांना सांभाळतं, गोव्यातही त्यांचं केंद्र आहे. पुण्यात वारज्याला सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून आहे, आणि तिथे घरच्यांना शुश्रूषा शिकवतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. लहान गावात असाल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

मॉर्फिन हे तीव्र वेदनेवरचं औषध, त्याला घाबरू नका. नीट मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते दिल्याने माणूस लवकर जात नाही आणि व्यसनही लागत नाही. धापही कमी होते. गोळी घड्याळ लावून द्यायची असते, दुखायची वाट बघून नव्हे. बद्धकोष्ठ हटकून होतं, त्यासाठी रेचक पहिल्या दिवसापासून. गिळणं बंद झाल्यावर औषध कसं द्यायचं, त्वचेखालून की जिभेखालून, हे आधीच शिकून घ्या.

एअर बेड भाड्याने मिळतो. दर दोन तासांनी कूस बदला, माकडहाड आणि टाचा रोज बघा. ब्युरोची मावशी ठेवलीत तरी वही तिच्याकडेही द्या.

शेवटचे दिवस

झोप वाढते. हातपाय गार पडतात, कातडीवर जांभळट जाळी दिसते. श्वास थांबतो, पुन्हा सुरू होतो. घशात घरघर होते, ती ऐकणाऱ्याला असह्य वाटते, पण रुग्णाला बहुधा जाणवत नाही. कुशीवर वळवा, उशी थोडी उंच करा, ओठ आणि तोंड ओल्या कापसाने पुसत राहा. सलाईनचा आग्रह धरू नका, थकलेलं शरीर ते पाणी बाहेर टाकू शकत नाही. सूज आणि घरघर दोन्ही वाढतात. घरात तुळशीपत्र, गंगाजल ठेवायचं असेल तर जरूर ठेवा. फक्त बेशुद्धावस्थेत चमचाभर पाणी घशात ओतू नका, ओठांना लावा. ऐकू येत असावं असं धरून बोला. उशाशी हिशेबाची आणि जमिनीची बोलणी नकोत.

कागदपत्रं

फार लांबवत नाही. कुलमुखत्यारपत्र देणाऱ्याची समजच गेली की ते निरुपयोगी होतं, त्यामुळे फक्त त्यावर विसंबू नका. बँकेत संयुक्त खातं आणि नामनिर्देशन (नॉमिनी) आधी करा. अंथरुणाला खिळलेल्या खातेदाराचा अंगठा साक्षीदारांसमोर घेण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे. कोमातल्या रुग्णाच्या पैशासाठी वेगळा कायदा नाही, पण मुंबई उच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत जवळच्या नातेवाइकांना पालक नेमलं आहे.

घरी मृत्यू होणार असेल तर मृत्यूच्या कारणाचा दाखला, नमुना ४अ, कोण देईल हे फॅमिली डॉक्टरांशी आधी बोलून ठेवा. त्यासाठी ते अधूनमधून घरी येऊन बघत असले पाहिजेत. नाहीतर पहाटे दारोदार फिरावं लागतं. नोंदणी २१ दिवसांत. उरलेलं मॉर्फिन जिथून आणलं तिथे परत द्या.

सेवा करणाऱ्या माणसासाठी

आठवड्यातून एक पूर्ण रात्र दुसऱ्या कोणीतरी जागावं, हे बैठकीतच नावानिशी ठरवून घ्या. ‘काही लागलं तर सांग’ म्हणणाऱ्याला त्याच क्षणी काम सांगा: मंगळवारचा डबा, औषधं आणणं, शनिवारची रात्र. तुमचं बीपी, शुगर, पाठ, डोळे यांची तपासणी पुढे ढकलू नका. ‘सुटले एकदाचे’ असं मनात आलं तर ते पाप नाही, जवळजवळ प्रत्येक सेवा करणाऱ्याच्या मनात ते येतं. नंतर महिनोन्‌महिने झोप लागत नसेल, औषधाच्या वेळेला दचकून जाग येत असेल, कशातच मन लागत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही. हा क्रमांक वहीच्या पहिल्याच पानावर, डॉक्टरांच्या नंबराखाली लिहा.